बोरसे सरांचं मिटलेलं भांडण

भडगावचे लीलाधर बोरसे सर वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण त्यांच्याशी इंग्रजीत गप्पा मारणारं एक माणूस त्यांना भडगाव तालुक्यात सापडलं नव्हतं. माणूस पट्टीचा पोहणारा असावा आणि नशिबी उन्हाळ्यातली गिरणा नदी यावी, तशी त्यांची अवस्था होती. वर्गात बोलावं, तर मुलं 'येस सर' म्हणत. सर म्हणाले, "बाहेर पाऊस पडतोय का?" तरी येस सर. "तुम्ही गाढव आहात का?" तरी येस सर.

बरं, वर्गाबाहेर बोलण्याची सोय नव्हती. त्या काळी खानदेशात चारचौघांत इंग्रजी बोलणारी माणसं दोनच प्रकारची: एक कलेक्टर आणि दुसरा प्यायलेला. कलेक्टर क्वचित येत. दुसरा प्रकार एसटी स्टँडच्या मागे रोज संध्याकाळी उपलब्ध असे, आणि "आय नो द लॉ" एवढं सांगून गटाराकडे वळे. बोरसे सरांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे तोही मार्ग बंद.

म्हणून सरांनी एक्क्याऐंशी साली चार मित्रांना गोळा करून 'खानदेश इंग्लिश टीचर्स असोसिएशन' काढली. उद्देश म्हणून त्यांनी 'इंग्रजी अध्यापनाचा दर्जा उंचावणे' वगैरे लिहिलं. खरा उद्देश त्यांच्या पत्नीला, वच्छलाबाईंना, ठाऊक होता. "ह्यासले बोलाले माणूस जोयजे," असं त्या शेजारणीला सांगत.

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांना बरं पडावं म्हणून सभा अमळनेरला भरे. दर दोन महिन्यांनी एक रविवार, एका हायस्कुलातली सातवी ब. सातवीच्या मुलांच्या बाकांत पन्नाशीकडे झुकलेली माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसत. सभेचा नियम बोरसे सरांनीच केला होता: चहा येईपर्यंत मराठी बोलायचं नाही.

परिणाम असा झाला की चहा येईपर्यंत कुणी बोलतच नसे. एरवी वर्गात तोंडाला फेस येईपर्यंत बोलणारे मास्तर छताच्या पंख्याकडे बघत बसत. एकाला लघवीला जायचं होतं, तर त्यानं बिचाऱ्यानं करंगळी वर केली. मग बन्सीलाल चहावाला किटली घेऊन दारात आला की धरणाचा दरवाजा उचलल्यासारखी खानदेशी बदाबदा वाहू लागे. पगार, बदल्या, कपाशी, मुलींची लग्नं. बन्सीलाल म्हणे, "मी उनू का मगच हाई माणसे जित्ती व्हतस."

पण या स्मशानशांततेत दोन माणसं जिवंत होती. एक आपले बोरसे सर, आणि दुसरे शिंदखेड्याचे अय्युब पिंजारी.

पिंजारी सर सडपातळ, इस्त्रीच्या शर्टाचे, चष्मा नाकाच्या टोकाशी. त्यांचे वडील चांदभाई गावोगाव फिरून धनुकलीच्या तारेवर कापूस पिंजत. मुलानं धनुकली सोडून खडू धरला, पण घराण्याची कला सोडली नाही. समोरच्याचा मुद्दा घ्यायचा, त्यातली एकेक गाठ शोधायची, आणि पिंजून पिंजून त्याचा असा भुगा करायचा की वाऱ्यावर उडून जावा. "गादीत एक गाठ राहिली तर माणसाला झोप नाही, सर," असं ते म्हणत.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. बोरसे सरांचं म्हणणं: मुलाला आधी त्याच्या भाषेत अर्थ द्या. गाय दाखवा, गाय म्हणा, मग काऊ म्हणा. पिंजारी सरांचं म्हणणं: इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको. गाय दाखवा आणि थेट काऊ म्हणा. गाय दोघांची एकच होती, पण तिच्यावरून जे रणकंदन होई ते ऐकायला शेजारच्या वर्गात झाडू मारणाऱ्या भिकुबाईसुद्धा दाराशी येऊन उभ्या राहत.

"मिस्टर चेअरमन सर!" पिंजारी सर बोट हवेत आडवं धरून उठत, आणि पुढचं सगळं स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत. "माझे विद्वान मित्र मिस्टर बोरसे मुलाला सायकल शिकवताना मागून धरतात. ठीक आहे. पण मुलगा मॅट्रिक झाला, त्याचं लग्न ठरलं, तरी हे मागून धरूनच पळताहेत!"

"मिस्टर चेअरमन सर!" बोरसे सर बाकातून सुटायची धडपड करत उठत. "मिस्टर पिंजारी मुळात धरतच नाहीत. ते मुलाला सायकल दाखवतात आणि म्हणतात, बायसिकल. मूल पडतं. मग हे शांतपणे म्हणतात, फॉल!"

सभेतल्या निम्म्या लोकांना निम्मं कळे, पण कुस्ती बघायला डाव कळावे लागतात असं थोडंच आहे? जळगावकर बोरसे सरांच्या बाजूनं बाक वाजवत, धुळेकर पिंजारींच्या. वर्षाअखेरी ठराव मताला पडे, हात मोजले जात, आणि मतं समसमान निघत. अध्यक्ष कौतिक नाना हे अमळनेरचेच निवृत्त हेडमास्तर. वर्गात खुर्ची एकच होती आणि ती त्यांना मिळाली म्हणून ते कायमचे अध्यक्ष. त्यांचं निर्णायक मत ठरलेलं असे: "नेक्स्ट मीटिंग."

आणि या दोन सिंहांची सभा संपल्यावर काय गत व्हावी? फाटकाशी भेट झाली की बोरसे सर म्हणत, "काय अय्युबभाई, कपाशी कशी शे तिकडे?"

"बरी शे. तुमन्याकडे पाऊस?"

"बरा शे."

संपलं. पायांकडे बघत उभं राहायचं आणि आपापल्या वाटेला लागायचं. इंग्रजीत एकमेकांना मिस्टर म्हणताना जे बॅरिस्टर होत, ते खानदेशीत नव्या व्याह्यांसारखे लाजत. अय्युबभाईंशी काय बोलावं हे बोरसे सरांना कधीच सुचलं नाही. मिस्टर पिंजारींशी बोलायला मात्र दोन महिने पुरत नसत.

सर घरी आले की वच्छलाबाईंना त्यांच्या चालीवरून कळे. "आज पिंजारी सर येल व्हतात वाटस."

"येल व्हतात! काय बोलस तो माणूस! माना सायकलना मुद्दानी पार वाट लाई दिन्ही!" असं म्हणून सर चप्पल काढायची विसरून घरभर फिरत.

"तुम्हले त्यासना इतला राग येस," वच्छलाबाई म्हणत, "मंग त्यासनी इतली वाट कसाले देखतस?"

तेव्हा कुठे सर चप्पल काढायला दाराशी जात. या प्रश्नाचं उत्तर त्यांना इंग्रजीतसुद्धा आलं नसतं.

आठ वर्षं अशी सुखात गेली. आणि मग कौतिक नानांनी घात केला.

नाना अतिशय भला माणूस. साऱ्या पंचक्रोशीतल्या भाऊबंदक्या त्यांनी मिटवलेल्या. बांध कुणी कोरला, विहिरीची पाळी कुणाची, नाना मध्ये पडले की मिटलंच. आपल्याच असोसिएशनमधली दोन लेकरं आठ वर्षं एकमेकांच्या उरावर बसताहेत, लालबुंद होताहेत, हे त्यांच्या म्हाताऱ्या काळजाला बघवेना. त्यांना इंग्रजी बरंच येत असे, पण भांडण कुठल्या भाषेत चाललंय याकडे भांडण मिटवणारा लक्ष देत नसतो.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात नानांनी सगळ्या असोसिएशनला बोरी नदीकाठच्या आपल्या मळ्यात भरिताला बोलावलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हिरवी पांढरी लांबोडकी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची, कळण्याच्या भाकरी. सभा नव्हती, त्यामुळे नियम नव्हता, त्यामुळे सगळे जिवंत होते. पानं मांडली, मंडळी बसली, आणि नानांनी एक भलंमोठं पितळी ताट आणून मधोमध ठेवलं.

"लीलाधर. अय्युब. या ताटवर बसा दोन्ही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खानदेशातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. भांडलेले भाऊ एका ताटात जेवले की भांडण संपलं. त्यानंतर पुन्हा तोंड वर करून भांडणं म्हणजे अन्नाशी बेइमानी.

"नाना, आमचं तसं भांडण..." बोरसे सरांनी सुरुवात केली.

"बस व्हयनं आते!" नाना म्हणाले. "आठ वरीस व्हयनात. शिकेल सवरेल माणसे तुम्ही. पोरे काय म्हनतीन? धुवा हात."

"नाना, तुम्ही समजी ऱ्हायनात तसं नही..." पिंजारी सर चाचरत म्हणाले.

"माले बठ्ठं समजस! बस खाले."

वडीलधाऱ्या माणसापुढे पॉइंट ऑफ ऑर्डर चालत नाही. दोघं बसले. दुर्दैवानं भरीत फार उत्तम झालं होतं. पिंजारी सरांनी शेंगदाणे बोरसे सरांच्या बाजूला सरकवले. बोरसे सरांनी भाकरीचा खरपूस पापुद्रा पिंजारी सरांच्या बाजूला सारला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नानांनी तिथल्या तिथे, वांग्याच्या साक्षीनं, ठराव मंजूर केला: ज्याला जसं जमेल त्यानं तसं शिकवावं. एकमतानं.

त्या दिवशी बोरसे सर घरी आले आणि चप्पल व्यवस्थित काढून खाटेवर बसले. वच्छलाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?"

"भांडण मिटनं," सर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढच्या सभा म्हणजे नुसता पंखा. बोरसे सर उठत, "मिस्टर पिंजारींचं म्हणणं रास्त आहे," म्हणून बसत. पिंजारी सर उठत, "छे छे, मिस्टर बोरसेंचंच रास्त आहे," म्हणून बसत. दोन वाक्यांत इंग्रजी संपे. कधी बोरसे सरांच्या ओठांवर एखादा झणझणीत मुद्दा येई, पण तोंड उघडणार तेवढ्यात पितळी ताट डोळ्यांपुढे येई आणि मुद्दा भाकरीच्या घासासारखा खाली उतरे. सभेत आता काही घडत नाही म्हटल्यावर बन्सीलालचा चहाही लवकर येऊ लागला.

सरांना इंग्रजीची उपासमार सोसेना. एका सकाळी ते गोठ्यात म्हशीपुढे हात उंचावून बोलताना वच्छलाबाईंना सापडले.

"म्हैसले कसाले इंग्रजी सांगी ऱ्हायनात? दूध आटी जाई ना तिनं!"

"हाई उलट उत्तर नही देस," सर खिन्नपणे म्हणाले.

"मी देस ना उलट उत्तर!"

"तू देस. पन अहिराणीमा."

वच्छलाबाई हसल्या नाहीत. दूध काढता काढता त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्यासले जाईसन भेटा ना. ताटमा जेवनात म्हनीसन बोलानं बंद शे का?"

सरांना हे पटलं. पुढच्या सभेनंतर ते पारोळ्याची एसटी धरायचं सोडून पिंजारी सरांबरोबर अमळनेर स्टेशनवर गेले. भुसावळकडून गाडी यायला अवकाश होता. दोघं बाकावर बसले. कपाशी झाली. पाऊस झाला. मग बोरसे सरांनी चहूकडे बघितलं, घसा खाकरला, आणि हळूच इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर पिंजारी, हवा छान आहे."

पिंजारी सर दचकले. त्यांनीही चहूकडे बघितलं. मग चष्मा नाकावर सरकवला आणि इंग्रजीतच म्हणाले, "मिस्टर बोरसे, हवा छान आहे हे मला मान्य नाही."

बोरसे सर बाकावर सरसावून बसले. हवेबद्दल तर नानांनी ताट वाढलेलं नव्हतं! ते उसळून म्हणाले, "कोणत्या आधारावर, मिस्टर पिंजारी? आपण पुरावा द्यावा!"

तेवढ्यात शेजारी बिडी ओढत बसलेला भिकन हमाल वाकला, दोघांच्या तोंडाकडे निरखून बघत काळजीनं म्हणाला, "मास्तर, जास्ती व्हयनी का? घर जाता यी ना?"

फलाटावरची माणसं वळून बघू लागली. एक बाई पोराला ओढून पलीकडे घेऊन गेली. पिंजारी सर उठून वेळापत्रकाचा फलक अतिशय बारकाईनं वाचू लागले. गाडी येईपर्यंत वाचत राहिले. हवा छान का नव्हती हे बोरसे सरांना कधीच कळलं नाही.

आणि एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये बातमी आली की अय्युब पिंजारी जूनपासून हेडमास्तर होणार.

सगळ्या असोसिएशनला आनंद झाला. बोरसे सरांनीही पेढा खाल्ला. पेढा तोंडात असतानाच त्यांना नियम आठवला. हेडमास्तर झालेल्या माणसाला असोसिएशनचं सभासद राहता येत नाही; नाना तेवढे निवृत्त म्हणून सुटले होते. माणूस हेडमास्तर झाला की तो शिकवत नाही, फक्त राउंड मारतो, तेव्हा अध्यापकांच्या संघटनेत त्याचं काय काम, असा बाणेदार युक्तिवाद करून हे कलम कुणी घातलं होतं? बोरसे सरांनी. विरोध कुणी केला होता? मिस्टर पिंजारींनी. त्यांनी तेव्हा सुंदर भाषण केलं होतं आणि ते हरले होते.

म्हणजे एप्रिलची सभा शेवटची.

सभेला जाताना सरांनी पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहिलं आणि पारोळ्यापासून पुढे मांडीवरच्या हातांकडे. मनात एकच घोकणी. एकदा. फक्त एकदा हा माणूस माझ्याविरुद्ध उभा राहावा. पण त्याच्याविरुद्ध मी बोलायचं नाही, माझ्याविरुद्ध त्यानं बोलायचं नाही. अन्न खाल्लंय.

सातवी ब मध्ये पंखा फिरत होता. नानांनी सत्काराचा नारळ टेबलावर ठेवला, इकडचे तिकडचे विषय संपवले, आणि म्हणाले, "एनी अदर मॅटर विथ द परमिशन ऑफ द चेअर?"

बोरसे सर उठले. निरोपाचे चार शब्द बोलायचे असं ठरवून उठले होते. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मिस्टर चेअरमन सर! माझं असं ठाम मत झालं आहे, की इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द उच्चारू नये!"

सभा चाट पडली. जळगावकरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे तर पिंजारींचं मत! नाना कौतुकानं मान डोलवू लागले. बोरसे सर सुटले ते सुटलेच. मूल पडू द्या, सर! सायकल मागून धरणं बंद करा! पिंजारी सरांचे आठ वर्षांतले मुद्दे त्यांनी एकामागून एक काढले, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यासारखंच बोट हवेत आडवं धरून. मग खाली बसले. आता पिंजारी उठून 'मी सहमत आहे' म्हणाले, की संपलं. कायमचं संपलं.

पिंजारी सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा पुसला. चष्मा स्वच्छ होता. मग ते सावकाश उभे राहिले.

"मिस्टर चेअरमन सर," ते म्हणाले, "माझे विद्वान मित्र मिस्टर बोरसे यांच्या मताला माझा तीव्र विरोध आहे."

बोरसे सरांनी डोळे मिटून घेतले.

मग जे झालं ते अमळनेरनं पुन्हा पाहिलं नाही. पिंजारी सर बोरसे सरांची गाय घेऊन मैदानात उतरले. आधी गाय म्हणा, मग काऊ! बोरसे सर पिंजारींची सायकल घेऊन त्यांच्या अंगावर धावले. दोघांना एकमेकांचं बोलणं मुखोद्गत होतं, कुठे थांबायचं, कुठे टेबलावर हात आपटायचा ते सुद्धा. आपला कोणता उमेदवार आणि बाक कधी वाजवायचं हे जळगावकर आणि धुळेकर दोघांनाही कळेना, म्हणून सगळेच सारखे वाजवू लागले. बन्सीलाल किटली घेऊन आला तर त्याला कुणी आत येऊ देईना.

"तुमच्याकडे पुरावा काय, मिस्टर पिंजारी?" बोरसे सर ओरडले.

पिंजारी सर थांबले. आवाज खाली आला, पण भाषा इंग्रजीच राहिली. "पुरावा मी आहे, मिस्टर बोरसे. मी पाचवीत होतो. मास्तर म्हणाले, कॉटन. मला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, कॉटन. तरी नाही. मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, बेटा, रुई. रुई म्हणाले आणि मला माझं घर दिसलं, अब्बा दिसले, धनुकलीची ती तार वाजली. कॉटन या शब्दाला घरातल्या कुणीतरी, त्या रुईनं, हात धरून आत आणलं, म्हणून तो आजवर माझ्या घरात आहे."

बोरसे सर उभेच राहिले. हा मुद्दा त्यांच्या बाजूचा होता. आठ वर्षांत त्यांना एकदाही सुचला नव्हता असा, एका फटक्यात ठराव जिंकून देणारा. आणि तो आठ वर्षं मिस्टर पिंजारींच्या खिशात होता! काढला असता तर ते स्वतः हरले असते. आणि भांडण संपलं असतं.

"मी हरलो, मिस्टर पिंजारी," बोरसे सर म्हणाले, आणि बसले.

कौतिक नाना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "देखा!" ते मराठी-इंग्रजीचा नियम धाब्यावर बसवून म्हणाले. "एक ताटना गुण देखा! हाऊ त्यानी बाजू लेस, तो ह्यानी! इतलं प्रेम मी सख्खा भाऊसमा देखं नही!" आणि त्यांनी नारळ चुकून बोरसे सरांच्याच हातात दिला.

संध्याकाळी दोघं स्टेशनवर आले. बाकावर बसले. नारळ मध्ये ठेवला.

"बरं बोलनात तुम्ही," बोरसे सर म्हणाले.

"तुम्ही बी."

"शिंदखेडाले पाऊस..." सरांनी सुरुवात केली, पण एप्रिल महिना होता.

गाडी आली. पिंजारी सर चढले, खिडकीशी बसले. बोरसे सरांनी नारळ गजांतून द्यायचा प्रयत्न केला, तो जाईना, मग त्यांनी धावत जाऊन दारातून दिला. गाडी हलली. आणि अचानक खिडकीतून चष्मा, नाक आणि हवेत आडवं धरलेलं बोट बाहेर आलं, आणि अय्युब पिंजारी भर फलाटावर, सगळ्या माणसांदेखत, खणखणीत आवाजात ओरडले:

"पॉइंट ऑफ ऑर्डर, मिस्टर बोरसे!"

"येस, मिस्टर पिंजारी!" बोरसे सर गाडीबरोबर पळू लागले. "आपला मुद्दा मांडा! आय ॲम लिसनिंग, सर!"

पिंजारी सर बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, बोट हवेत गाठी सोडवत होतं. पण चाकांच्या खडखडाटात एक शब्द ऐकू आला नाही. फलाट संपला. सर उताराच्या टोकाशी थांबले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मान डोलवत राहिले, ऐकू येत असल्यासारखे.

मागून भिकन हमाल धापा टाकत आला. सरांचं धोतर सुटलं होतं, टोपी पडली होती, डोळे लाल झाले होते. त्यानं टोपी उचलून झटकली आणि सरांच्या हातात दिली.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "आज बी जास्ती व्हयनी का?"

बोरसे सरांनी टोपी डोक्यावर घातली.

"हा भाऊ," ते म्हणाले. "आज जराशी जास्तीच व्हयनी."